एक्झॉस्टच्या बोल्टांचा टॉर्क आणि त्याआधीची तयारी

गाडीच्या चाकांचे नट किंवा इंजिनाच्या हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला पीळ (टॉर्क) लागला की ‘टक्’ आवाज देणारा पाना, वापरला पाहिजे, हे आता लहानसहान गॅरेजांतही मान्य झालेले आहे. परंतु काम एक्झॉस्टच्या लाइनपाशी आले की तोच टॉर्क रेंच पेटीत परत जातो आणि मिस्त्रींच्या हातात बारा किंवा चौदा नंबरचा रिंग पाना येतो. धुराचाच तर पाइप आहे, कचकचून आवळला की काम झाले, अशी त्यामागची समजूत असते. मला ही समजूत अजिबात पटत नाही. इंजिनाच्या आसपास जेवढे नट-बोल्ट असतात त्यांत सर्वांत हलाखीचे आयुष्य एक्झॉस्टच्या बोल्टांच्या वाट्याला येते, आणि म्हणूनच नेमक्या टॉर्कची गरज त्यांना इतरांपेक्षा जास्त असते. मात्र हा नेमका टॉर्क रेंचवर आकडा लावला की आपोआप मिळतो असे नाही. त्यासाठी आधी बरीच तयारी करावी लागते, आणि या लेखाचा मोठा भाग त्या तयारीविषयीच आहे.

मी रत्नागिरीला राहते आणि माझ्याकडे चार सिलिंडरांची, १.२ लिटर इंजिनाची एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. ती मी दुसऱ्या मालकाकडून घेतली आणि तिची बहुतेक कामे मी स्वतः करते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गाडीच्या पोटाखालचे लोखंड किती झपाट्याने गंजते, हे कोकणातल्या गाडीवाल्यांना निराळे सांगायला नको. त्यात आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला जायचे म्हणजे इंजिनावर बराच वेळ भार राहतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा इंजिनालगतचा नळ, सडकून तापतो, आणि पावसाळ्यात त्याच तापलेल्या पाइपावर रस्त्यावरचे पाणी उडते. लोखंड, मीठ, उष्णता आणि पाणी यांची गाठ एकाच ठिकाणी पडते ती एक्झॉस्टच्या फ्लँजवर, म्हणजे दोन भाग बोल्टांनी जिथे जोडतात त्या सपाट कडेवर.

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू भाराखाली ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. तो प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, पुढे लवचीक जाळीच्या पाइपातून मधल्या पाइपात आणि शेवटी सायलेन्सरमध्ये जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनंतर बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून, काहींत तर मॅनिफोल्डशीच जोडून बसवलेला असतो, कारण तो लवकर तापला तरच लवकर कामाला लागतो. त्यामुळे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या बोल्टांना पूर्वीपेक्षा कमी उष्णता लागते असे समजण्याचे काही कारण नाही.

या उष्णतेमुळे धातू किती हलतो याचा हिशेब साधा आहे. माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड बिडाचा आहे आणि तो अॅल्युमिनियमच्या हेडवर बसतो. चाळीस सेंटिमीटर लांबीचा बिडाचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर तो सुमारे २.२ मिलिमीटर वाढतो. अॅल्युमिनियम मुळात बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते, पण हेड पाण्याने थंड राखलेले असल्यामुळे ते जेमतेम ऐंशी अंशांनी तापते आणि तेवढ्याच लांबीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. मॅनिफोल्डचा हेडला टेकलेला भाग बाकीच्या भागापेक्षा थंड राहत असल्याने प्रत्यक्षातला फरक याहून कमी भरेल, तरीही दोन्ही भागांत मिलिमीटरभराची ओढाताण होते हे धरून चालावे, आणि ती प्रत्येक वेळी गाडी तापताना एका दिशेने आणि निवताना उलट दिशेने होते. म्हणूनच अनेक मॅनिफोल्डांची कडेची भोके मधल्या भोकांपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. मॅनिफोल्ड हेडवर घट्ट दाबलेला राहावा आणि तरीही तापल्यावर त्याला गास्केटवरून (जोडातली फट बुजवणाऱ्या पातळ पट्टीवरून) किंचित सरकता यावे, अशी ही रचना आहे. कचकचून आवळणारा हात ही सरकण्याची मुभाच काढून घेतो, आणि मग ती ओढाताण एक तर मॅनिफोल्डला तडा पाडते किंवा टोकाचा स्टड (हेडमध्ये रोवलेला, वरून नट चढवायचा बिनडोक्याचा बोल्ट) तोडते. टोकाचेच स्टड जास्त तुटतात यात योगायोग नाही, कारण मधल्या भागापासून ते सर्वांत दूर असल्याने सरकण्याचे अंतर त्यांच्यापाशी सर्वांत मोठे असते.

आता टॉर्कचा मुद्दा. जोड घट्ट राहतो तो बोल्टच्या ताणामुळे. रेंच मात्र मोजतो तो पीळ. नट फिरतो तसा बोल्ट किंचित लांब होतो आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या जोराने दोन्ही फ्लँज एकमेकांवर दाबून धरतो. आपण लावलेल्या पिळापैकी जवळपास अर्धा पीळ नटाच्या बुडाखालच्या घर्षणात खर्च होतो, आणखी चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि उरलेला दहा टक्क्यांच्या आसपासचा भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. पुस्तिकेत दिलेला आकडा हे घर्षण ठरावीक असेल असे गृहीत धरून काढलेला असतो. घर्षण बदलले की आकडा तोच राहतो, पण बोल्टमधला ताण बदलतो.

उदाहरणासाठी ८.८ प्रतीचा (ही पोलादाच्या ताकदीची खूण) साधा एम-८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट घेऊ. आटे स्वच्छ आणि कोरडे असतील तर २५ न्यूटन-मीटर टॉर्कला तो सुमारे १६ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून अधिक जोराने जोड दाबतो. बोटाएवढ्या जाडीचाही नसलेला हा बोल्ट माझ्या अख्ख्या गाडीच्या वजनापेक्षा जास्त जोर धरतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. हेच आटे गंजलेले असतील तर २५ न्यूटन-मीटरला जोर साडेदहा किलोन्यूटनपर्यंत खाली येऊ शकतो, कारण पीळ गंज घासण्यातच संपतो. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले असेल तर त्याच २५ न्यूटन-मीटरला जोर २१ किलोन्यूटनच्या घरात जातो, आणि या बोल्टची सुरक्षित मर्यादा जवळपास तेवढीच आहे. म्हणजे रेंच तिन्ही वेळा सारखाच ‘टक्’ आवाज देतो, पण एकदा जोड ढिला असतो, एकदा बरोबर असतो आणि एकदा बोल्ट कायमचा ताणला जाण्याच्या उंबरठ्यावर असतो. त्यामुळे पुस्तिकेत टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिला आहे की तेल लावलेल्या आट्यांसाठी, हे वाचल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

याच बोल्टची दाबात असलेली लांबी तीन सेंटिमीटर धरली तर १६ किलोन्यूटनच्या जोराला तो फक्त ०.०६ मिलिमीटर लांब होतो. ही लांबी माणसाच्या केसाच्या जाडीइतकी आहे. सगळा जोड या केसभर ताणावर उभा असतो. आता फ्लँज आणि नट यांच्या मध्ये गंजाचा एक पापुद्रा किंवा जुन्या गास्केटचा चिकटलेला तुकडा राहिला, आणि दोन-चार वेळा तापून निवल्यावर तो चिरडून तेवढाच पातळ झाला, तर रेंचने अगदी अचूक लावलेला ताण जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हापासून वायर ब्रशचे काम मला टॉर्क रेंचच्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटते.

हाताच्या अंदाजाविषयी पुष्कळ अनुभवी मिस्त्री अभिमानाने बोलतात, आणि त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे. तरीही आकडे पाहावेत. वीस सेंटिमीटर लांबीच्या रिंग पान्याच्या टोकाला साडेबारा-तेरा किलोचा जोर दिला की २५ न्यूटन-मीटर पूर्ण होतात. गाडीखाली उताणे पडून, पाय टेकवून पाना ओढणारा धडधाकट माणूस सहज तीस किलोचा जोर लावतो, आणि तो जातो ५९ न्यूटन-मीटरवर, म्हणजे दुपटीहून पुढे. पान्यात पाइप घातला तर विचारायलाच नको. हवेच्या गनने आवळताना हाताला तेवढाही अंदाज येत नाही. सैल करायला गन चांगली आहे. एक्झॉस्टचे नट आवळायला ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड पूर्वी केव्हातरी असाच आवळला गेला होता. मी तो काढला तेव्हा दोन स्टड वरवर धडधाकट दिसत होते. वायर ब्रशने घासून नवा नट बोटांनी फिरवला, तर तो पहिले काही आटे अलगद गेला आणि मध्येच अडकला. दुसऱ्या बाजूने फिरवून पाहिले, तिथेही त्याच जागी अडकला. उजेडात धरून आट्यांचे गेज लावले तेव्हा मधल्या भागात गेजचे दात आट्यांत पूर्ण बसत नव्हते. तिथले आटे एकमेकांपासून लांब गेले होते आणि स्टडची जाडी नजरेला जाणवेल इतकी कमी झाली होती. ताणाची मर्यादा ओलांडलेला स्टड असाच दिसतो. असा स्टड पुन्हा वापरला तर तो टॉर्क घेताना फिरतच राहतो, रेंचचा आवाज येत नाही, आणि अखेर तुटतो. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, ही परीक्षा प्रत्येक स्टडची घ्यावी. तिला लागणारा वेळ एका मिनिटाहूनही कमी असतो.

काम सुरू करण्यापूर्वी गळती नेमकी कुठे आहे हे शोधावे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ‘टिक् टिक्’ असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर मॅनिफोल्डच्या जोडावर संशय घ्यायला जागा आहे, कारण धातू फुगला की फट मिटते. इंजिन बंद आणि थंड असताना फ्लँजच्या कडेने बॅटरीचा उजेड पाडला तर गळतीच्या जागी काजळीचा काळा फराटा दिसतो. तो बहुधा फटीपाशी बारीक आणि बाहेरच्या बाजूला पसरट असतो. गळती फक्त आवाजाची बाब नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो आणि फरशीखालच्या गळतीतून तो केबिनमध्ये येऊ शकतो. याच कारणासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गळती शोधत बसणे जिवावर बेतू शकते. हे काम उघड्यावरच करावे. आणि गाडी जॅकवर उचलली की ती लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवल्याशिवाय खाली शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

गंजलेला नट सोडवणे हा या कामातला सर्वांत चिकाटीचा भाग आहे. आदल्या रात्री आटे वायर ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे, सकाळी पुन्हा मारावे आणि नटाच्या कडांवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत झिरपते. पाना सहा कोनांच्या गोटीचा घ्यावा. बारा कोनांची गोटी झिजलेल्या नटाच्या कडा गोल करून टाकते. नट हलला की लगेच पूर्ण फिरवण्याचा मोह आवरावा. पाव आटा सैल करून पुन्हा थोडा घट्ट करावा, तेल मारावे, मग अर्धा आटा सैल करावा, अशा मागे-पुढे करण्याने गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडतो. सरळ जोर लावला तर तोच चुरा पुढच्या आट्यांत दाबला जातो आणि नटाऐवजी स्टडच फिरू लागतो किंवा मुडपतो. तरीही हलला नाही तर नटाला उष्णता द्यावी लागते, पण आधी मारलेले तेल पेटू शकते आणि जवळपास इंधनाचे पाइप असतात, त्यामुळे हे काम माहीतगाराकडेच द्यावे. स्टड तुटलाच, तर उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो काढण्याची पद्धत आमच्याकडच्या वेल्डरांना चांगली जमते. वेल्डिंगची उष्णताही गंज सोडवायला मदत करते. हेडमधले अॅल्युमिनियमचे आटे गेले असतील तर मोठ्या मापाचे आटे पाडण्यापेक्षा हेलिकॉइल (आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळ मापच राखावे.

नवे नट आणि स्टड घेताना दुकानात डोळे उघडे ठेवावेत. नायलॉनचे कडे असलेला लॉकनट एक्झॉस्टवर चालत नाही, कारण ते नायलॉन १२० अंशांच्या आसपासच निकामी होते. जस्ताचा मुलामा दिलेला साधा नटही मॅनिफोल्डपाशी नको. जस्त ४२० अंशांना वितळते. तिथे तांब्याचा मुलामा असलेले किंवा पूर्ण धातूचे, वरचा भाग किंचित दाबून तयार केलेले लॉकनट लागतात, आणि असा नट एकदा काढला की टाकून देऊन नवाच घ्यावा. हा नट सुरुवातीपासून थोडा कडक फिरतो, आणि त्या कडकपणात टॉर्कचा काही भाग जातो हेही पुस्तिकेतल्या आकड्यात धरलेले असते. म्हणून त्याच्या जागी साधा नट वापरून तोच टॉर्क लावला तर ताण वाढतो. साध्या ८.८ प्रतीच्या पोलादाची ताकद मोठ्या तापमानाला घटते, त्यामुळे मॅनिफोल्डचे स्टड उष्णता सोसणाऱ्या पोलादाचेच हवेत. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ म्हणून स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडाच चढवू नये. हे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना चिकटून बसतात.

आट्यांना तांब्याची किंवा निकेलची अँटिसीझ पेस्ट (आटे जाम होऊ नयेत म्हणून असलेली) लावावी की नाही, याविषयी दोन मते आढळतात. माझे म्हणणे असे आहे की निर्मात्याने लावायला सांगितली असेल तरच ती लावावी, सांगितल्या प्रमाणात लावावी, आणि सांगितली नसेल तर वरचा हिशेब आठवावा. खारी हवा पाहता पेस्टचा मोह मला समजतो. पण पेस्ट लावून कोरड्या आट्यांचा टॉर्क देणे म्हणजे नकळत जास्त आवळणेच आहे.

टॉर्क रेंचच्या निवडीतही बरेच जण गफलत करतात. चाकांच्या नटांसाठी घेतलेला अर्धा इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच २५ न्यूटन-मीटरसाठी उपयोगाचा नाही. ज्याच्या पट्ट्याच्या मधल्या भागात आपला आकडा येईल असा, म्हणजे साधारण १० ते ५० किंवा ६० न्यूटन-मीटरचा तीन अष्टमांश इंची रेंच या कामाला हवा. रेंच मुठीच्या खुणेवरच धरावा, सावकाश ओढावा आणि पहिल्या आवाजाला थांबावे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ‘टक्’ करणे म्हणजे नट आणखी फिरवणे होय. तो नट सोडवायला वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा पट्ट्याच्या तळाच्या खुणेवर आणून ठेवावा. सरळ एक्स्टेन्शन रॉड लावल्याने टॉर्क बदलत नाही. पण जागा अडचणीची असल्यामुळे रेंचच्या पुढे उघड्या तोंडाचा तुकडा सरळ रेषेत जोडला तर रेंचची लांबी वाढते आणि आकडा कमी करावा लागतो. रेंच ३० सेंटिमीटरचा आणि तुकडा ४ सेंटिमीटरचा असेल, तर २५ न्यूटन-मीटरसाठी रेंच २२ वर लावावा. तोच तुकडा रेंचला काटकोनात बसवला तर हा हिशेब करावा लागत नाही.

एककाकडेही लक्ष हवे. जुन्या पुस्तिकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, २.५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे २४.५ न्यूटन-मीटर. अमेरिकी व्हिडिओत ऐकलेले २५ मात्र फूट-पाउंड असतात, आणि ते होतात जवळपास ३४ न्यूटन-मीटर. माझ्या पाहण्यातल्या पुस्तिकांत एक्झॉस्टच्या एम-८ नटांना २० ते ३० आणि एम-१० नटांना ४० ते ५५ न्यूटन-मीटरच्या आसपासचे आकडे आहेत. हा केवळ अंदाज घेण्यापुरता पट्टा आहे. आपल्या गाडीचा आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावा.

प्रत्यक्ष जोडणीत प्रथम दोन्ही पृष्ठभाग कोऱ्या धातूपर्यंत स्वच्छ करावेत. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने तिथे लोखंडी पात्याऐवजी प्लॅस्टिकची खरवडणी वापरावी. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहावे. तो पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकलेला असेल तर मशीनवर सपाट करून घ्यावा. वाकलेला मॅनिफोल्ड नटांच्या जोरावर सरळ करायला जाणे हा बिडाला तडा पाडण्याचा हमखास मार्ग आहे. गास्केट नवे घालावे, कारण जुने एकदा दबलेले असते आणि त्याची दबण्याची क्षमता संपलेली असते. सिलिकॉनचे सीलंट तर ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) आधीच्या जोडांवर लावूच नये. त्याची वाफ सेन्सर बिघडवते.

सर्व नट आधी बोटांनी टेकवावेत. मग मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जावे. पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या एक तृतीयांश, दुसरीत दोन तृतीयांश आणि तिसरीत पूर्ण टॉर्क द्यावा, आणि त्याच क्रमाने एक शेवटची फेरी पूर्ण टॉर्कवरच मारावी, कारण शेजारचा नट आवळला की गास्केट दबून आधीचा थोडा सैल पडतो. हे सर्व इंजिन पूर्ण थंड असताना करायचे आहे. एखादा नट आवळताना मध्येच थांबला असेल, तर तिथूनच पुढे ओढल्यावर रेंच आधी थांबलेल्या घर्षणालाच आवाज देतो आणि नट जागचा हलतही नाही. अशा वेळी नट अर्धा आटा मागे घेऊन एका सलग ओढीत टॉर्कपर्यंत आणावा.

मॅनिफोल्डच्या खालच्या पाइपाचा जोड काही गाड्यांत स्प्रिंगच्या दोन बोल्टांवर असतो आणि आत गोल कड्यासारखे ग्रॅफाइटचे गास्केट असते. इंजिन आपल्या रबरांवर मागे-पुढे डोलते तेव्हा हा जोड थोडा वळावा यासाठी ती स्प्रिंग आहे. इथे बोल्टचा खांदा टेकेपर्यंतच आवळायचे असते आणि दोन्ही बोल्ट थोडेथोडे करून आळीपाळीने आवळायचे असतात. स्प्रिंग पूर्ण दाबली गेली तर जोड ताठ होतो आणि इंजिनाचे डोलणे थेट मागच्या पाइपावर आणि लवचीक जाळीवर येते.

मागच्या लाइनीत एकच पथ्य महत्त्वाचे आहे. सगळे जोड आधी सैल ठेवून पाइप रबराच्या हँगरांवर मोकळा लटकू द्यावा, तो फरशीला किंवा अॅक्सलला कुठे लागत नाही ना हे पाहावे, आणि मग इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळावा. दोन फ्लँज समोरासमोर येत नसतील तर बोल्टने ओढून जुळवू नयेत. तसे केले तर टॉर्कचा मोठा हिस्सा पाइप वाकवण्यात जातो, फ्लँज एका कडेने दबतो आणि दुसऱ्या कडेने उघडा राहतो. हँगर चढवताना साबणाचे पाणी लावावे. तेलाने रबर खराब होते.

पहिल्यांदा गाडी चांगली तापून पूर्ण निवली की गास्केट आपल्या जागी बसते. त्यानंतर नट पुन्हा तपासावेत की नाही हे पुस्तिकेत पाहावे. काही निर्माते तसे सांगतात, काही नको म्हणतात. तपासायचे असेल तर ते थंड इंजिनावरच, कारण तापलेल्या जोडाला थंड स्थितीचा आकडा लागू होत नाही. काजळीचे जुने डाग आवळण्यापूर्वीच पुसून टाकलेले असले तर नवा फराटा उठला की नाही हे आठवडाभरात कळते.

माझ्या गाडीत याची आणखी एक खूण मिळाली. मॅनिफोल्डपाशी गळती असताना धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, आणि मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजून इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे यंत्र) लावल्यावर इंजिन मंद गतीवर असताना इंधनाची ही दुरुस्ती बरीच अधिकच्या बाजूला दिसत होती. मायलेज का घटले होते याचेही उत्तर त्यात होते. नवे स्टड, नवे गास्केट आणि पुस्तिकेतला टॉर्क असे सगळे झाल्यावर, गाडी काही दिवस चालवून मी तोच रीडर पुन्हा लावला, तेव्हा तो आकडा शून्याच्या आसपास स्थिरावलेला होता आणि थंड इंजिनाची टिकटिकही ऐकू येत नव्हती.